हिशेबाची वही : मंडळावर बसणाऱ्याचा रिक्षाखर्च कोणी द्यायचा?

या महिन्यात तीन पत्रं घेते आहे. पहिली दोन एकाच आठवड्यात आली, एक धायरीहून आणि एक सदाशिव पेठेतून. वाचून माझा दाट संशय आहे की दोन्ही एकाच संस्थेतली, एकाच बैठकीनंतर लिहिलेली आहेत. दोघांनाही तसं कळवलेलं नाही. आता इथेच कळेल.

प्रश्न : धायरीला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. मी ज्या शाळेत शिकले त्या संस्थेची मी आजीव सभासद आहे. गेल्या वर्षी सभासदांनी मला नियामक मंडळावर निवडून दिलं. महिन्याला दोन बैठका असतात, त्याही दुपारी तीनला. शिवाय खरेदी उपसमिती, शाळाभेट, कधी शिक्षकांच्या मुलाखती. महिन्यात पाच वेळा तरी जावं लागतं. प्रत्येक वेळी संध्याकाळच्या पोळ्यांसाठी बाई लावावी लागते, तिचे ३०० रुपये, आणि रिक्षाचे जाऊन-येऊन ४००. मागच्या बैठकीत आमच्यातल्या एका डॉक्टरांनी सुचवलं की प्रत्येक सदस्याला महिना ५,००० रुपये मानधन आणि कुटुंबाचा आरोग्यविमा संस्थेने द्यावा. ज्येष्ठ मंडळींनी 'ही सेवा आहे' म्हणून विषय उडवून लावला. मला पैशांची गरज आहे, म्हणूनच मला बोलता आलं नाही. माझी भाची लॉस एंजेलिसला असते. ती म्हणते, तिकडे शाळा मंडळाच्या सदस्यांना पगार असतो. मी काय करावं?
— एक सभासद, धायरी

उत्तर : ताई, तुम्ही आकडे लिहिलेत म्हणून बरं झालं. ३०० आणि ४०० मिळून ७००. पाच खेपांचे ३,५००. वर्षाचे ४२,०००. म्हणजे तुम्ही संस्थेला दरवर्षी बेचाळीस हजारांची देणगी देता आणि तिची पावती कोणी फाडत नाही. तुमच्या मंडळावरच्या ज्येष्ठांपैकी कितीजण एवढी देणगी देतात, ते वार्षिक अहवालाच्या शेवटच्या पानांवर बघा. तिथे नावं असतात.

मी लक्ष्मी रोडवरच्या एका सी.ए.च्या कचेरीत ३१ वर्षं हिशेब तपासले, त्यातले बहुतेक शाळांचे आणि ट्रस्टचे. निवृत्त झाल्यावर मीही एका शिक्षणसंस्थेच्या मंडळावर निवडून आले. आम्ही अकराजण होतो. त्यात एक फिटर होते, पिंपरीकडच्या कारखान्यात पाळीत काम करणारे. टेबलाच्या टोकाला बसायचे आणि सहसा बोलायचे नाहीत. एकदा नव्या बाकांचं दरपत्रक आलं. आम्ही सगळ्यांनी खालची बेरीज पाहिली. त्यांनी नळीची जाडी पाहिली आणि म्हणाले, 'एवढं लोखंड या बाकात बसतच नाही.' फेरनिविदा काढली, तेव्हा बाकामागे चांगलाच फरक पडला. हे गृहस्थ आठ महिन्यांनी राजीनामा देऊन गेले. प्रत्येक बैठकीला अर्धा दिवस रजा, रजेमुळे हजेरीचा बोनस बुडालेला, आणि घरी बायको विचारायची की शाळेने तुम्हाला काय दिलं. त्यांच्या जागी आम्ही एक निवृत्त बँक अधिकारी घेतले. सज्जन माणूस. पण त्यानंतर अकरापैकी नऊजण पेन्शनवर होतो, माझ्यासकट, आणि आमच्यापैकी कोणाचंही मूल कुठल्याच शाळेत नव्हतं. त्याच वर्षी आम्ही शाळा सकाळी सातची केली. एकमताने. पाच वाजता उठून डबा कोण करणार, हा प्रश्न कोणालाच सुचला नाही. तो सुचणारा माणूस आम्ही घालवून बसलो होतो.

म्हणून माझं मत सरळ सांगते : तुमच्यासारख्या सदस्याला पदरमोड करायला लावू नये. पण डॉक्टरांचा ठराव आहे तसा मंजूर करू नका.

आधी कायद्याचं. तुमची संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असणार. संस्थेच्या घटनेत तशी तरतूद नसेल तर विश्वस्ताला मोबदला मागता येत नाही. झालेला खर्च मात्र मागता येतो. या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवा. रिक्षाची पावती देऊन ४०० घेणं हे मानधन नव्हे. ते आजपासून सुरू होऊ शकतं, त्याला घटनादुरुस्ती लागत नाही, साधा ठराव पुरतो. पर्यायी बाईचे ३०० ही त्यात बसवावेत असं मी म्हणेन. घरी लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर त्यासाठी लावलेल्या मदतनिसाचे पैसेही याच सदरात यायला हवेत. ठरावात तसं नाव घेऊन लिहा आणि कमाल मर्यादा घाला, नाहीतर ऑडिटर प्रश्न काढेल. मी तर काढलाच असता.

मानधन ही पुढची पायरी. त्यासाठी घटना उघडून बघायची, तरतूद नसेल तर सर्वसाधारण सभेतून दुरुस्ती आणि मग धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीतले सोपस्कार. शिवाय आयकराचा एक काटा आहे. विश्वस्ताला किंवा त्याच्या नातेवाइकाला वाजवीपेक्षा जास्त रक्कम दिली, तर संस्थेची करसवलत धोक्यात येते. 'वाजवी' म्हणजे किती हे कागदावर दाखवता आलं पाहिजे.

ते कसं दाखवायचं? मी एक पट्टी सुचवते. तुमच्या संस्थेत तासिका तत्त्वावर शिकवणारे शिक्षक असतीलच. त्यांना तासाला जे मिळतं, त्याहून एक रुपयाही जास्त दर मंडळाच्या सदस्याने घेऊ नये. समजा तो दर १५० रुपये आहे. तुमच्या पाच खेपांचे, टिपणं वाचण्याचे धरून महिन्याला वीस तास होतात. म्हणजे ३,०००. डॉक्टरांचे ५,००० कुठून आले ते त्यांना विचारा. बहुधा गोल आकडा म्हणून आले असतील. या पट्टीचा दुसरा फायदा असा की सदस्यांना आपला दर वाढवून हवा असेल, तर आधी त्या शिक्षकांचा वाढवावा लागेल. आणि विनाअनुदानित तुकडीच्या बाईंचे पगार दोन-दोन महिने मागे पडत असतील, तर मानधनाचा विषय अजेंड्यावरसुद्धा घेऊ नका.

रक्कम महिन्यावारी ठेवू नका, बैठकीवारी ठेवा. आला तर मिळेल, नाही आला तर नाही. सही बैठकीच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. चहा पिऊन, सही करून, 'जरा बाहेर काम आहे' म्हणून जाणारे मी खूप पाहिलेत.

आता तुमच्या भाचीचं. ती खोटं बोलत नाही. लॉस एंजेलिसचा शाळा-जिल्हा, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणारी यंत्रणा, विद्यार्थिसंख्येने अमेरिकेतली दुसऱ्या क्रमांकाची. मंडळावर सात सदस्य, आणि ते थेट मतदारांनी निवडून दिलेले. २०१७ साली त्यांचा वार्षिक पगार ४५,६३७ डॉलरवरून १,२५,००० डॉलर झाला. पण तो दुसरी नोकरी न करणाऱ्यांसाठी. बाहेर नोकरी करणाऱ्याला ५०,०००. दुसरीकडे टेक्सासमध्ये शाळा-जिल्ह्यांच्या विश्वस्तांनी विनामोबदला काम करायचं असं कायदाच सांगतो. शिकागोत २०२४ साली पहिल्यांदा मंडळाची निवडणूक झाली, तिथेही पगार नाही. तेव्हा 'अमेरिकेत देतात' हे वाक्य बैठकीत उच्चारू नका, समोरचा टेक्सास काढेल. शिवाय ती करदात्यांच्या पैशावर चालणारी सरकारी मंडळं, तुमची सभासदांची संस्था. आकड्यांची तुलना होतच नाही.

तिथून उचलण्यासारखी गोष्ट आकडा नव्हे, पद्धत आहे. लॉस एंजेलिसच्या मंडळाने पगार स्वतःचा स्वतः वाढवला नाही. त्यासाठी मंडळाबाहेरच्या माणसांची एक वेगळी समिती आहे, तिने ठरवला. अमेरिकेच्या राज्यघटनेची सत्ताविसावी दुरुस्ती सांगते की संसद सदस्यांच्या पगारातला बदल मधे एक निवडणूक झाल्याशिवाय लागू होणार नाही. ही दुरुस्ती १७८९ साली मांडली गेली आणि मंजूर झाली १९९२ साली. दोनशे दोन वर्षांहून जास्त! आपल्या सोसायटीचा लिफ्टचा ठराव रखडला म्हणून आपण उगाच कुरकुरतो. आपल्याकडे राज्यघटनेच्या १०६व्या कलमाने खासदारांचे पगार ठरवायचं काम संसदेलाच दिलंय, म्हणजे वाढणाऱ्यानेच वाढून घ्यायचं. लग्नाच्या पंगतीत ते चालत नाही, इथे चालतं.

तुमच्या संस्थेत हे असं करता येईल : सर्वसाधारण सभेने मंडळावर नसलेल्या तीन सभासदांची समिती नेमावी. त्यात एक पालक असावा, आणि जमल्यास एक संस्थेचा निवृत्त शिक्षक. ते रक्कम सुचवतील, सभा मंजूर करेल, आणि ती पुढच्या निवडणुकीनंतर येणाऱ्या मंडळाला लागू होईल. म्हणजे आज हात वर करणाऱ्या कोणाच्याच खिशात काही जाणार नाही. तुम्हीसुद्धा मोकळेपणी बोलू शकाल. मला वाटतं तुमची अडचण पैशांची नव्हतीच. 'हिला हवेत म्हणून बोलते' हे कोणाच्या तोंडून ऐकावं लागेल, ही होती.

आरोग्यविम्याला माझा विरोध आहे. कॅलिफोर्नियात शाळा मंडळाच्या सदस्यांना कर्मचाऱ्यांसारखा विमा देण्याची कायद्याने मुभा आहे हे खरं, पण तिकडे विमा नोकरीला बांधलेला असतो, नोकरी गेली की घराची झोप उडते. आपल्याकडे तुम्ही पॉलिसी स्वतः काढू शकता. खुर्चीबरोबर कुटुंबाचा विमा आला की माणूस खुर्ची सोडत नाही. पासष्टीनंतर तर मुळीच नाही, कारण त्या वयात नवी पॉलिसी महाग. मग निवडणूक विम्याची होते. शाळेच्या मावशींना आणि शिपायांना विमा आहे का, ते आधी विचारा. डॉक्टरांनाच विचारा, त्यांना उत्तर माहीत असायला हवं.

एक फुकटातली गोष्ट राहिली. बैठक दुपारी तीनला का? पेन्शनर वामकुक्षी आटोपून येतात म्हणून. ती रविवारी सकाळी दहाला करा म्हणावं. तुमचे बाईचे ३०० तिथेच वाचतात.

आणि मानधन सुरू झालं तर ते तुमचं उत्पन्न धरलं जाईल, विवरणपत्रात दाखवायचं. पावतीवर मिळालेला रिक्षाखर्च उत्पन्नात येत नाही.

प्रश्न : आमच्या संस्थेत सध्या मानधनाचं खूळ शिरलं आहे. मी तीस वर्षं मंडळावर आहे. एक पैसा घेतला नाही. स्वतःच्या स्कूटरमध्ये स्वतःचं पेट्रोल घातलं. ज्या पुण्यात टिळक-आगरकरांनी त्यागावर शाळा उभी केली, तिथे आता बैठकीचे पैसे मागायचे? मानधन म्हणजे पगारालाच घातलेलं उपरणं. आपण स्पष्ट लिहावं.
— एक ज्येष्ठ सदस्य, सदाशिव पेठ

उत्तर : आजोबा, उपरण्याचं वाक्य फार आवडलं. तुमच्या बाजूने एक दाखलाही देते. २००१ साली झारखंडचे नेते शिबू सोरेन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं. एका परिषदेचे अध्यक्ष म्हणून त्यांना महिना १,७५० रुपये मिळत होते, वर दैनिक भत्ता, घर, गाडी. त्याला 'मानधन' म्हटल्याने त्याचं स्वरूप बदलत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं आणि त्यांची खासदारकी गेली. तो मुद्दा लाभाच्या पदाचा, म्हणजे खासदाराने सरकारकडून मोबदल्याचं पद घेऊ नये या नियमाचा होता, तुमच्या संस्थेला लागू नाही. पण उपरणं न्यायालयानेही ओढून पाहिलं होतं, एवढंच.

टिळक-आगरकरांचं मात्र तुम्ही अर्धंच सांगितलंत. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ची. तिच्या आजीव सदस्यांना महिना ७५ रुपये मिळत. त्या माणसांच्या पदव्या पाहता बाहेर याच्या कितीतरी पट मिळाले असते, म्हणून तो त्याग. पण त्या त्यागाचाही आकडा होता आणि तो लिहून ठेवलेला होता. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ साली बाहेर पडले तेव्हा त्यांना तीस रुपये पेन्शन होती. आणि भांडण कशावरून झालं? सदस्यांनी बाहेरून कमाई करावी की नाही, केली तर ती सोसायटीत जमा करावी की नाही, वेतन वाढवावं की नाही, यावरून. गोखल्यांनी 'सार्वजनिक सभा' या संस्थेचं चिटणीसपद घेतलं तेही टिळकांना रुचलं नाही. १८९० साली टिळक सोसायटीतून बाहेर पडले. मतभेद इतरही होते, पण पैसा त्यात होता. एवढी मोठी माणसं पैशाच्या प्रश्नावर एकमेकांशी उघडपणे, कागदोपत्री भांडली. 'सेवा आहे' म्हणून विषय उडवला नाही. अर्थात ती सगळी पूर्णवेळ शिकवणारी माणसं होती, महिन्याला दोन बैठकांना येणारी नव्हती. हा फरक मी लपवत नाही.

तुमच्या पेट्रोलबद्दल मला आदर आहे. ते तुम्ही घालू शकलात, कारण तुमच्या घरी दुसऱ्या तारखेला पगार आणि नंतर पेन्शन येत होती. धायरीच्या एका बाईंना त्यासाठी पोळ्या लाटणारी लावावी लागते. कोणत्या बाईंना, ते सोडा.

आणि जिथे मानधन नाही तिथे पैसा जातच नाही, असं समजू नका. एकतीस वर्षांत मी 'बैठक खर्च' नावाचं एक सदर फार जवळून पाहिलं. त्यात दिवाळीचे सुक्यामेव्याचे डबे असत. चांदीची नाणी असत. एकदा महाबळेश्वरचा दोन दिवसांचा 'अभ्यासदौरा' होता. मी विचारलं, अभ्यास कशाचा? उत्तर आलं, निवासी शाळांचा. मे महिन्यात. शाळा बंद असताना. गणवेशाचा पुरवठादार कोणाचा मेहुणा निघायचा आणि प्रवेशाच्या दिवसांत मंडळींचे फोन खणखणायचे. ठराव करून घेतलेले तीन हजार मला दिसतात, ताळेबंदात वेगळी ओळ असते, सभेत कोणीही उठून विचारू शकतो. मेहुण्याची ओळ नसते.

तुम्हाला नको असेल तर घेऊ नका. चिटणिसांना दोन ओळी लिहून द्या. पण एक विनंती आहे, आणि ती मी अनुभवाने करते. नाकारल्याची घोषणा करू नका, वार्षिक अहवालात 'मानधन संस्थेस परत केले' असं छापून आणू नका. आमच्याकडे पुढे मानधन सुरू झालं तेव्हा एका उद्योजकांनी ते परत करत असल्याचं स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून जाहीर केलं. टाळ्या पडल्या. पुढच्या महिन्यात आणखी चौघांनी परत केलं. त्यातल्या एक बालवाडीच्या निवृत्त बाई होत्या. त्यांना परत करणं परवडत नव्हतं आणि टाळ्यांनंतर ठेवून घेणंही जमेना. त्या पुढच्या निवडणुकीला उभ्याच राहिल्या नाहीत.

प्रश्न : मी महापालिकेच्या शाळेतल्या शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे, बिगारी काम करतो. नगरसेवकाला मानधन मिळतं, मग आम्हाला का नाही? आम्हीपण निवडून आलोय.
— एक पालक, हडपसर

उत्तर : दादा, नगरसेवकांचं मानधन राज्य सरकार ठरवतं. २०१७ साली पुण्याच्या नगरसेवकांचं ७,५००वरून २०,००० झालं. तुमची समिती शिक्षण हक्क कायद्याच्या २१व्या कलमाखाली येते. तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं त्यात आहे. सदस्यांच्या मानधनाचा उल्लेख नाही. कायदा करणाऱ्यांनी पालकाला समितीवर बसवलं, पण त्या दिवसाची त्याची हजेरी कोण भरणार याचा विचार केला नाही. महापालिकेचं जुनं शिक्षण मंडळ, ज्याचे सदस्य नगरसेवक निवडून देत, ते आता राहिलेलं नाही. त्यामुळे शाळेच्या पातळीवर निवडून आलेलं माणूस म्हणजे तुम्हीच.

तेव्हा मानधन मागून वर्ष घालवण्यापेक्षा दोन गोष्टी मागा, त्या मिळण्यासारख्या आहेत. एक, बैठक तुमच्या सुट्टीच्या वारी किंवा संध्याकाळी सहानंतर. मुख्याध्यापक 'शिपाई थांबत नाही' म्हणतील. किल्ली तुमच्याकडे घ्या. दुसरं, कायद्याचं २२वं कलम तुमच्या समितीला शाळा विकास आराखडा करायला सांगतं. तो बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापक भरतात आणि अध्यक्षाची सही घेतात. सही करण्याआधी तो घरी न्या, दोन दिवस ठेवा. तुम्ही बांधकामावर असता, तेव्हा दुरुस्तीच्या पानावर गिलावा आणि पत्र्याचे दर लिहिलेले असतील ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळतील. काही जास्त वाटलं तर पान क्रमांकासह मला कळवा, पुढच्या महिन्यात तेच घेऊ.